खाते तुमचे, गुन्हा कोणाचा?

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मजकूर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो फक्त 'लाइक' केला. दोघींनाही अटक झाली. पुढे ते प्रकरण बंद झाले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. मूळ कृत्यच गुन्हा नसेल, तर त्याला साथ देणेही गुन्हा ठरत नाही.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या मुलांपुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे. 'महिनाभर खाते दे, कमिशन घे,' असे कोणी म्हणतो आणि त्या खात्यात लुबाडलेला पैसा येतो. इथे मूळ गुन्हा घडलेलाच असतो. मग प्रश्न उरतो, खातेदाराला ते ठाऊक होते का?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, फसवणुकीची मालमत्ता ठाऊक असून, किंवा तसे मानायला पुरेसे कारण असूनही, बेइमानीने घेतली तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची. पण मनातले वागण्यावरून ताडले जाते. एटीएम कार्ड, पिन, सिम दुसऱ्याला का दिले? काम न करता पैसे कशाचे घेतले? व्हॉट्सॲपवरचे बोलणे का पुसले?

खरोखर फसलेल्याने गप्प बसू नये. आलेली रक्कम काढू नये, कोणाला पाठवू नये. बँकेला लेखी कळवावे, १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. संदेश जपून ठेवावेत. निर्दोष असल्याचा तोच पुरावा असतो.