एक वीत अंतरावरचा श्रोता

‘तुझा आवाज छान आहे, रेडिओवर का जात नाहीस?’ असं बऱ्याच जणांना घरचे लोक कधी ना कधी म्हणतात. त्यातले काही जण खरोखरच जातात. जाहिराती, माहितीपट, बोलकी पुस्तकं, डबिंग अशी आवाजाची कामं आता कितीतरी आहेत. पण स्टुडिओतली काचेची खिडकी, पलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक आणि समोरचा माईक पाहिला, की घरी मोकळा वाटणारा आवाज एकतर आखडतो, नाहीतर उगाच चढतो. आवाज चांगला असणं ही एक गोष्ट आणि तो माईकपुढे चांगला लागणं ही दुसरी. पहिली देणगी असेल, पण दुसरी शिकता येते. आज त्या शिकण्याविषयीच बोलायचं आहे.

सुरुवात माईकच्या स्वभावापासून करू. माईक म्हणजे एक कान, पण त्याच्यामागे मेंदू नाही. आपण गजबजलेल्या हॉटेलात बसलो, तरी समोरच्या मित्राचं बोलणं नीट ऐकतो. कपबशांचा खणखणाट, पंख्याची घरघर, शेजारच्या टेबलावरच्या गप्पा हे सगळं कानावर पडत असतं, पण मेंदू ते बाजूला सारतो. माईकला ही निवड करता येत नाही. कानावर पडेल ते सगळं तो सारख्याच निष्ठेनं टिपतो. काचेच्या बांगड्या, खळ घातलेल्या कपड्यांची सळसळ, उलटलेलं पान, कोरड्या पडलेल्या जिभेचा ‘टच्’ असा आवाज, सारं काही. त्यामुळे माईकपुढे बसण्याची तयारी अगदी साध्या गोष्टींपासून होते. मऊ सुती कपडे, हातात काही वाजणारं नको, जवळ कोमट पाणी आणि संहितेची पानं सुटी. वाक्य अर्धवट असताना पान उलटावं लागू नये, म्हणून प्रत्येक पान परिच्छेदाच्या शेवटाशी संपेल असं बघावं.

आता मुख्य प्रश्न. माईकपासून किती अंतरावर बसायचं? माझं उत्तर असतं, एक वीत. अंगठा ओठांशी ठेवा, पंजा ताणा, करंगळी माईकजवळ आली पाहिजे. साधारण वीस-बावीस सेंटिमीटर. हे मोजमाप कायम आपल्याबरोबर असतं, त्यासाठी पट्टी लागत नाही.

या अंतरामागे एक साधा नियम आहे. आवाज जसा दूर जातो तसा पसरत जातो. अंतर दुप्पट झालं की पोचणारी ऊर्जा चौथाई होते, ध्वनिमुद्रकाच्या भाषेत पातळी ६ डेसिबलनं उतरते. अंतर निम्मं केलं, तर तेवढीच चढते. आता समजा, तुम्ही माईकला अगदी खेटून, चार बोटांवर, म्हणजे आठेक सेंटिमीटरवर बसलात आणि वाचता वाचता पाच सेंटिमीटर मागे सरकलात, तर आवाज चार डेसिबलहून अधिक पडेल. ऐकणाऱ्याला तो मध्येच खाली गेल्यासारखा वाटेल. तेच पाच सेंटिमीटर तुम्ही एक वीत अंतरावरून सरकलात, तर फरक दोन डेसिबलच्या आतच राहील. माणूस बोलताना थोडा डुलणारच, मान हलवणारच. वीतभर अंतर ही हालचाल पोटात घेतं. त्याहून फार दूर गेलात, तर तुमच्या आवाजाबरोबर भिंतींवरून परतणारा आवाजही तितक्याच जोरात येऊ लागतो आणि बोलणं रिकाम्या खोलीत घुमल्यासारखं लागतं.

अंतराचा आणखी एक परिणाम आहे आणि नवख्यांना त्याची फार भुरळ पडते. स्टुडिओतले बहुतेक माईक दिशादर्शी असतात, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारे. त्यांच्या पडद्यावर आवाज पुढूनही पोचतो आणि मागूनही, आणि माईक त्या दोहोंतला फरक टिपतो. तोंड अगदी जवळ आलं, की हा फरक खर्जाच्या बाजूला एकदम वाढतो. आवाज भारदस्त, मखमली होतो. चित्रपटाच्या जाहिरातीतला तो गडगडणारा आवाज बऱ्याचदा असाच साधलेला असतो. वीस सेकंदांसाठी ते शोभतं. पण चारशे पानांचं पुस्तक तसं वाचलंत, तर ऐकणारा थकतो, शब्द गढूळ होतात. शिवाय आज चार बोटांवर आणि उद्या एक वीतवर बसून वाचलंत, तर दोन दिवसांचं रेकॉर्डिंग दोन माणसांनी केल्यासारखं वाटतं. चुकलेलं वाक्य नंतर पुन्हा बोलून जोडायचं असतं, तेव्हा हा फरक लगेच पकडला जातो. म्हणून खुर्चीची जागा, माईकची उंची आणि अंतर पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं.

आता मला जे विशेष सांगायचं आहे, त्याकडे वळतो. तळहात तोंडासमोर धरा आणि म्हणा ‘पार’. मग म्हणा ‘फार’. दुसऱ्या वेळी तळहातावर वाऱ्याचा झोत लागेल. तोच झोत माईकच्या नाजूक पडद्यावर आदळला, की रेकॉर्डिंगमध्ये ‘धप्’ असा आवाज उमटतो. इंग्रजी बोलणारेही ‘प’वर जोर देताना असा झोत सोडतात, पण त्यांच्याकडे तो कमी-जास्त झाला तरी शब्द बदलत नाही. आपल्याकडे बदलतो. ‘पार’ आणि ‘फार’, ‘बात’ आणि ‘भात’, ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘काट’ आणि ‘खाट’. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही दहा महाप्राण व्यंजनं आहेत, आणि ‘म्हणून’, ‘तेव्हा’, ‘उन्हाळा’ यांत मिसळलेला ह वेगळाच. म्हणजे श्वास हा मराठीत अर्थाचा भाग आहे.

यातून एक दुखणं जन्माला येतं. नवा कलाकार दोन-चार वेळा ‘तुझा भ फुटतोय’ असं ऐकतो आणि घाबरून श्वासच गिळू लागतो. मी शिकवत असलेल्या एका वर्गात एक मुलगा आला होता. उत्तम आवाज, वाचनाची समज चांगली. पण त्याच्या तोंडी ‘भाऊ’चा ‘बाऊ’ झाला होता, ‘फळ’ हे ‘पळ’च्या जवळ गेलं होतं. घरी बोलताना मात्र हाच मुलगा स्वच्छ ‘भाऊ’ म्हणत असे. एका स्टुडिओत सतत टोकल्यामुळे त्यानं माईकपुढे स्वतःची भाषाच बदलून घेतली होती. डोळ्यांनी वाचणाऱ्याला याचं काही वाटणार नाही, त्याच्यासमोर अक्षर छापलेलं असतं. पण जो अंध श्रोता बोलक्या पुस्तकावरच अवलंबून आहे, त्याच्यासाठी हरवलेला ‘भ’ म्हणजे हरवलेला शब्द. आणि ज्या मुलाच्या कानावर मराठी फक्त कार्टूनच्या डबिंगमधून पडते, ते ती तशीच उचलणार.

उपाय अगदी सोपा आहे. आवाज चहूकडे पसरतो, पण तोंडातून निघालेला वाऱ्याचा झोत सरळ रेषेत पुढे जातो. म्हणून माईक त्या रेषेतून हटवायचा. तो तोंडासमोर नाकाच्या रेषेत न धरता थोडा बाजूला, साधारण तीस अंशांवर ठेवा किंवा कपाळाच्या उंचीवर घेऊन ओठांकडे झुकवा. तुम्ही सरळ समोर बोला. झोत माईकच्या शेजारून निघून जाईल आणि आवाज मात्र पोचेल. शिवाय मध्ये चार बोटांच्या अंतरावर पॉप फिल्टर, म्हणजे ताणून बसवलेली बारीक जाळी असावी. ती झोत विखुरते. जाळी नसेल, तर ओठ आणि माईक यांच्या मधोमध एक पेन्सिल उभी धरून पाहा, झोत तिच्यावर फुटतो. बाजूला ठेवलेल्या माईकचा दुसरा फायदा असा, की ‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’तल्या ‘च’ची शिट्टीसारखी धारही थोडी बोथट होते. ‘चहा’तल्या ‘च’पेक्षा ‘चमचा’तला ‘च’ दातांच्या अधिक जवळचा, म्हणून तो जास्त सिसकारतो. हे सगळं यंत्राकडून करून घ्यायचं. उच्चाराला हात लावायचा नाही.

रंगभूमीवरून येणाऱ्यांची अडचण वेगळी असते. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. स्टुडिओत शेवटची रांगच नसते. ऐकणारा एक वीत अंतरावर असतो, स्वयंपाकघरात, एसटीच्या खिडकीशी, नाहीतर रात्री उशाशी रेडिओ घेऊन. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, तेव्हापासून आवाजाच्या कलाकारांना हेच कोडं सोडवावं लागलं आहे : ऐकणारे हजारो, पण प्रत्येक जण एकटा. अमीन सयानी १९५२पासून ‘बिनाका गीतमाला’ सादर करत, तेव्हा ‘बहनो और भाइयो’ अशी साद सगळ्यांना असे, पण तो आपल्याशीच बोलतोय असं प्रत्येकाला वाटे. आवाज मोठा करून हे साधत नाही. प्रसंग ओरडण्याचाच असेल, तर ओरडा, पण हातभर मागे सरकून आणि तोंड थोडं वळवून. कुजबुज असेल, तर चार बोटांवर या. आणि रोज चार-चार तास चढ्या आवाजात वाचून घसा बसवून घेऊ नका, कारण माईक नवा आणता येतो, स्वरयंत्र नाही.

रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी ध्वनिमुद्रक ‘जरा बोलून दाखवा’ म्हणतो. तेव्हा ‘हॅलो, एक, दोन, तीन’ असं पुटपुटू नये. संहितेतलं सगळ्यात जोराचं वाक्य त्याच जोरात म्हणून दाखवावं. डिजिटल रेकॉर्डिंगला एक पक्कं छत असतं. शून्य डेसिबलच्या वर गेलेल्या लहरीचा माथा छाटला जातो आणि तो बिघाड पुढे नीट दुरुस्त होत नाही. म्हणून सगळ्यात मोठा आवाजही छताच्या बराच खाली, उणे बारा ते उणे सहाच्या दरम्यान राहील, अशी पातळी लावतात. ती लावणं त्याच्या हातात, पण खरा अंदाज देणं तुमच्या हातात.

२०२०च्या टाळेबंदीत अनेकांनी घरातूनच काम सुरू केलं आणि ती सवय पुढेही टिकली. असे लोक हमखास विचारतात, माईक कुठला घेऊ? मी आधी विचारतो, खोली कुठली आहे? कंडेन्सर माईक फार बारीक ऐकतो. तुमचा श्वास टिपतो, तशी शेजारच्या कुकरची शिट्टीही टिपतो. डायनॅमिक माईक त्या मानानं कमी हळवा, म्हणून गजबजलेल्या घरात तो सोयीचा. पण दोन्हींच्या आधी खोली. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. तिच्या मागोमाग झणझणीत पडसाद आला, तर भिंती उघड्या आहेत. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, जाड गोधड्या, पाठीमागे उभी केलेली गादी यांनी तो पडसाद बराच शोषला जातो. महागडा माईक उघड्या खोलीत उघडी खोलीच ऐकवतो.

ज्यांना या वाटेनं जायचं आहे, त्यांनी महिनाभर एक सराव करावा. याच अंकातला कुठलाही परिच्छेद मोबाइलवर तीन वेळा वाचून ध्वनिमुद्रित करावा. एकदा चार बोटांवरून, एकदा एक वीतवरून, एकदा हातभर अंतरावरून. मोबाइल तोंडासमोर न धरता बाजूला ठेवावा. मग इयरफोन लावून ऐकावं आणि ऐकताना छापील मजकूर समोर घेऊ नये. डोळे मिटून प्रत्येक ‘भ’ ‘भ’च ऐकू आला का, प्रत्येक ‘थ’ ‘थ’च राहिला का, एवढंच तपासावं. ज्या अंतरावर धप् होत नाही आणि अक्षरही पूर्ण ऐकू येतं, ते तुमचं अंतर. माझी वीत आणि तुमची वीत थोडी लहान-मोठी असायचीच.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)