पाऊल कोणाचे मोठे?

माणसाचे खाणे-पिणे, इंधन व कचरा यांसाठी किती जमीन-पाणी लागते, याच्या हिशेबाला ‘पर्यावरणीय पाऊलठसा’ म्हणतात. कॅनडातील विल्यम रीस यांनी १९९२ मध्ये ही कल्पना मांडली.

सिंदेवाहीत हा ठसा माणसाच्या स्वभावापेक्षा मिळकतीवर ठरतो, असे मला दिसते. माझ्या घरी कूलर, फ्रीज, मोटारसायकल आहे. विजेसाठी चंद्रपुरात कोळसा जळतो. जंगलालगतची मजूर बाई पायी चालते, भात-भाजी खाते, जुन्या लुगड्याची गोधडी शिवते. तिचा ठसा लहान. पण हाल तिचेच अधिक. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात, खोकला व श्वासाचे विकार जडतात. पोटासाठी जंगलात जावे, तर वाघाची भीती. मे २०२५ मध्ये याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात दगावल्या.

उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली. पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले, की चूल पेटतेच. तेव्हा ‘सरपण आणू नका’ हा नुसता उपदेश काय कामाचा?

चूल असेल तेथे सरपण वाळलेले वापरावे, धूर बाहेर जाण्यास वाट ठेवावी, तान्ह्या मुलाला चुलीपासून दूर ठेवावे. आपण सुखवस्तू मंडळींनी बाजारात पायी किंवा सायकलने जावे. मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास मदत होते. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करावा.

वाचकहो, ठसा आपला कमी व्हायला हवा. तिच्या घरातला कमी व्हायला हवा तो धूर.