खाऱ्या पाण्यावर तरंगणारी विहीर

उन्हाळ्यात विहीर आटली की आपल्याकडे काय करतात? गाळ उपसतात, प्रसंगी सुरुंग लावतात आणि विहीर आणखी चार हात खोल नेतात. खोल गेले की पाणी लागते, असा आपला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. पण हेच शहाणपण एखाद्या प्रवाळबेटावर वापरले, तर हातची गोडी विहीर खारी होऊन बसते! असे का व्हावे?

केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटरवर, अरबी समुद्रात लक्षद्वीप बेटे आहेत. एकूण बेटे ३६, पण कायमची वस्ती फक्त दहांवर. उरलेली निर्जन. पांढरीशुभ्र पुळण, तिच्या पुढे उथळ, निळेहिरवे खारकच्छ आणि पलीकडे लाटा अडवणारा प्रवाळांचा बांध. कोचीहून जहाजाने तेथे जाणारा प्रवासी हे सौंदर्य पाहून हरखून जातो. मग केव्हातरी त्याला तहान लागते. आजूबाजूला पाहावे तर डोंगर नाही, नदी नाही, साधा ओढाही नाही. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. तरीही माड मजेत डोलत असतात, आणि माडांच्या राईत पुरुषभर खड्डा खणला तर बहुधा पाणी लागते, तेही पिण्याजोगे.

‘वाळूतून गाळले गेल्यामुळे समुद्राचे पाणी गोडे होत असेल,’ हे उत्तर मी वर्गात दरवर्षी ऐकतो. ते चूक आहे. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे आयन सुटे होतात. वाळूच्या कणांमधील फटी या आयनांच्या मानाने लाखो पटींनी मोठ्या असतात. वाळू गाळ अडवील, मीठ नाही.

हे पाणी पावसाचे असते. लक्षद्वीपवर वर्षाला सुमारे १६०० मिलिमीटर पाऊस पडतो. सच्छिद्र प्रवाळवाळूत तो झटकन मुरतो. पण मुरून जाणार कुठे? खाली तर समुद्राचेच पाणी भरलेले! येथे घनतेचा प्रश्न येतो. एक घन सेंटिमीटर गोड्या पाण्याचे वस्तुमान १ ग्रॅम, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे सुमारे १.०२५ ग्रॅम. म्हणून गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. वाळूच्या दाटीमुळे ते चटकन पसरून समुद्रात जात नाही आणि दोन्ही पाणी सहज ढवळलेही जात नाहीत.

प्रयोगशाळेतली यू आकाराची नळी आठवा. तिच्या एका भुजेत समुद्राचे व दुसऱ्या भुजेत गोडे पाणी आहे अशी कल्पना करा. खाऱ्या पाण्याचा ४० सेंटिमीटरचा स्तंभ तोलायला गोड्या पाण्याचा ४१ सेंटिमीटरचा स्तंभ लागेल. म्हणजे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक सेंटिमीटर असेल, तर सपाटीखाली ते ४० सेंटिमीटर असले पाहिजे. वर २५ सेंटिमीटर, तर खाली १० मीटर! बेटाच्या मध्यभागी हा साठा जाड असतो आणि कडेला निमुळता होत जातो, म्हणून त्याला गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात. बाडोन घायबेन या डच अभियंत्याने १८८९ च्या सुमारास व हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने १९०१ मध्ये हा हिशोब स्वतंत्रपणे मांडला.

प्रत्यक्षात मात्र भरती-ओहोटी खालून सतत हलवीत असते. लक्षद्वीपमधल्या विहिरींची पातळी भरतीबरोबर चढते, ओहोटीबरोबर उतरते. त्यामुळे दोन पाण्यांमध्ये मचूळ पाण्याचा एक थर तयार होतो आणि खरे भिंग हिशोबापेक्षा बरेच पातळ निघते.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. पंप लावून विहिरीची पातळी १० सेंटिमीटरनी उतरवली आणि ती तशीच ठेवली, तर समतोल साधण्यासाठी खालचे खारे पाणी त्याच्या ४० पट, म्हणजे ४ मीटर वर सरकू पाहते. विहीर खोल केली की तिचा तळच मचूळ थरात पोहोचतो. म्हणून अशा ठिकाणी विहिरी उथळ हव्यात, आणि पाणी अनेक जागांहून थोडे थोडे, दुधावरची साय काढावी तसे घ्यावे. बेटावर माणसे वाढली की आणखी एक संकट येते. शौचखड्ड्यांतले पाणीही त्याच भिंगात झिरपते. पाऊसही तेथेच मुरणार आणि सांडपाणीही तेथेच.

बेट फारच लहान असेल तर भिंग टिकणेच कठीण. कवरत्तीजवळचे पिट्टी हे बेट म्हणजे जेमतेम एक पुळण. तेथे झाड नाही. समुद्रपक्ष्यांची मात्र गर्दी. मोठ्या बेटांनाही लाटांचे भय असतेच. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत मालदीवच्या अनेक बेटांवरून समुद्र वाहून गेला आणि तेथले भूजल खारट झाले. असे मीठ धुऊन काढायला पुन्हा पाऊसच लागतो.

कवरत्तीला २००५ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने यावर निराळा उपाय योजला. पृष्ठभागावरचे समुद्राचे पाणी तेथे सुमारे २८ अंश सेल्सिअस असते. या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे २८ मिलिमीटर स्तंभाइतका असतो. बंद टाकीतला दाब त्याहून कमी केला की विस्तवाशिवाय पाणी उकळू लागते! ती वाफ थंड करायला सुमारे ३५० मीटर खोलीवरचे, १२-१३ अंशांचे पाणी नळाने वर आणतात. दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी मिळावे अशी या संयंत्राची रचना आहे. पंप चालवायला मात्र वीज लागते, आणि निर्जन बेटावर ती कुठली?

तेव्हा अशा बेटावर कधी अडकलातच, तर पाण्यासाठी किनाऱ्यालगत खणू नका. आत, माडांच्या राईत जा. ओल लागली की हात आखडता घ्या आणि खड्ड्यात जमेल तेवढे पाणी करवंटीने अलगद वरच्या वर भरून घ्या.