कागदावर काय यावं, हे आपण ठरवायचं

मैत्रिणींनो, बचत गटाची बैठक म्हटली की सतरंजी, हजेरीची वही आणि पैशाची पेटी, एवढं आपल्या सेनगाव तालुक्यात कुणालाही सांगावं लागत नाही. आता त्यात कम्प्युटरवरून काढलेल्या यादीची भर पडली आहे. बचत किती, कर्ज कुणाला, हप्ता कुणाचा राहिला, सगळं एक्सेलच्या चौकटीत. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी लेकीसुनांनी हा कोर्स केला. त्यांना टाइप करणं येतं, बेरीज करणं येतं. पण प्रिंट काढायची म्हटली की भल्याभल्यांची तारांबळ उडते. पहिल्या पानावर नावं, तिसऱ्या पानावर रक्कम आणि पाचव्या पानावर नुसत्या सह्यांचे रकाने! झेरॉक्सवाल्याला पैसे मोजायचे आणि वर घरी येऊन पानं चिकटवत बसायचं.

असं का होतं? एक्सेलचं पान म्हणजे आपल्या वहीचं पान नव्हे. त्याच्या एका शीटमध्ये १० लाख ४८ हजार ५७६ ओळी आणि १६ हजार ३८४ रकाने मावतात. आपला ए-फोर कागद मात्र २१० बाय २९७ मिलिमीटरचा. मग कम्प्युटर कापडाचे तुकडे पाडावेत तसे शीटचे तुकडे पाडतो. आधी वरून खाली जातो, मग उजवीकडचे उरलेले रकाने घेतो. म्हणून नाव एकीकडे आणि रक्कम भलतीकडे.

कागद वाया जाणं ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट वेगळीच आहे. काही वर्षांपूर्वी एका गावात एका संस्थेनं महिलांची यादी भिंतीवर लावलेली मी पाहिली. लावायची होती फक्त नावं आणि मंजूर रक्कम. पण शीट जशीच्या तशी छापली गेली. मोबाइल नंबर, बँकेचा खाते क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात 'थकीत' असा शेरा, सगळं चव्हाट्यावर. ज्या बाईच्या नावापुढं तो शेरा होता, तिचा नवरा आजारी असल्यानं दोन हप्ते राहिले होते. गटातल्या बायांना ते माहीत होतं, गावाला नव्हतं. ती पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. "ताई, पैशाचं काही नाही वो, पण पोरांनी वाचलं ना भिंतीवर," एवढंच म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची मूठ तिला न विचारता दुसऱ्यांनीच उघडली होती.

म्हणून प्रिंटची कळ दाबण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा, हा कागद कोण वाचणार? बँकेत द्यायच्या कागदावर खाते क्रमांक लागेल, भिंतीवरच्या कागदावर तो कशाला? कारभार उघडा असावा हे खरंच. गटाची एकूण बचत, एकूण कर्जवाटप, शिल्लक हे सगळ्यांना दिसलंच पाहिजे. पण कारभार उघडा असणं वेगळं आणि बाईची अडचण उघडी पडणं वेगळं.

आता हे करायचं कसं ते सांगते. अवघड काही नाही.

जो रकाना छापायचा नाही, त्याच्या वरच्या अक्षरावर उजवं क्लिक करून 'हाइड' म्हणा. लपवलेला रकाना कागदावर येत नाही. काम झालं की दोन्ही बाजूंचे रकाने निवडून 'अनहाइड' केलं की परत हजर.

शीटचा थोडाच भाग हवा असेल तर तेवढा भाग माऊसनं निवडा, 'पेज लेआउट'मध्ये 'प्रिंट एरिया'वर जा आणि 'सेट प्रिंट एरिया' करा. तेवढंच छापलं जाईल. रुंद यादीसाठी कागद आडवा घ्या, म्हणजे 'लँडस्केप', आणि सगळे रकाने एका पानात बसवण्याचा पर्याय निवडा. मात्र रकाने फार असतील तर अक्षरं मुंगीएवढी होतात. आपल्या मावशींना चष्मा लावूनही वाचता येणार नाहीत, तेव्हा आधी नको ते रकाने कमी करा.

यादी दोन-तीन पानांची असेल तर 'प्रिंट टायटल्स'मध्ये शीर्षकाची ओळ एकदा सांगून ठेवा. मग ती प्रत्येक पानावर आपोआप येते. नाहीतर दुसऱ्या पानावर कुठला आकडा बचतीचा आणि कुठला व्याजाचा, यावरून वाद ठरलेला. आकड्यांच्या जागी जिन्यासारखी चिन्हं दिसली तर घाबरू नका, रकाना अरुंद झालाय, थोडा रुंद करा. आणि कंट्रोलसोबत पी दाबल्यावर कागद कसा येईल ते समोर दिसतं, ते पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. प्रिंट एरिया फाइलमध्ये तसाच राहतो. पुढच्या महिन्यात नवी सदस्य आली आणि तिचं नाव सगळ्यात खाली, त्या चौकटीबाहेर लिहिलं, तर स्क्रीनवर ती दिसते पण कागदावर येत नाही. ती बिचारी यादीत आपलं नाव शोधत राहणार! नवी ओळ मध्ये घुसवली तर चौकट आपोआप वाढते. शेवटी लिहिली तर प्रिंट एरिया पुन्हा ठरवावा लागतो. छापल्यावर नावं मोजायची सवय लावा.

दुसरा धोका व्हॉट्सअॅपचा. लपवलेला रकाना कागदावरून जातो, फाइलमधून नाही. तीच एक्सेलची फाइल ग्रुपवर टाकली तर कुणीही 'अनहाइड' करून सगळं वाचू शकतो. पाठवायचंच असेल तर त्याची पीडीएफ करून पाठवा. आणि झेरॉक्सच्या दुकानात फाइल उघडली असेल तर निघताना तिथून ती काढून टाकायला सांगा.

हे फक्त आपल्या गटापुरतं नाही. एप्रिल २०१७ मध्ये झारखंड सरकारच्या एका संकेतस्थळावर दहा लाखांहून जास्त पेन्शनधारकांचे आधार क्रमांक सगळ्यांना दिसत होते. एवढ्या मोठ्या ठिकाणी नको तो रकाना उघडा राहतो, तर आपण जपायलाच हवं. २०१६ च्या आधार कायद्यानुसार कुणाचा आधार क्रमांक असा जाहीर लावता येत नाही. तेव्हा यादीतला बारा आकड्यांचा तो रकाना भिंतीपासून लांबच ठेवा.

तुमच्या गटात कम्प्युटर हाताळणारी एखादी पोरगी असेलच. पुढच्या बैठकीत तिला शेजारी बसवा आणि भिंतीवर कोणते रकाने जातील, बँकेत कोणते, पेटीत कोणते, हे सगळ्या मिळून ठरवा. तो निर्णय ठराव म्हणून वहीत लिहून घ्या, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. मग यादी कुणीही छापो, एकाही बाईला भिंतीसमोरून मान खाली घालून जावं लागणार नाही.