वजन झपाट्याने उचलताना

स्नायूला किती श्रम पडतात हे केवळ वजनावर ठरत नाही. ते किती वेगाने उचलावयाचे, यावरही ठरते. मज्जारज्जूतून निघालेला एकेक मज्जातंतू स्नायूतील तंतूंच्या एकेका जुडीला चेतवतो. हलक्या, संथ कामास लहान जुड्या पुरतात. मोठ्या व चपळ जुड्या भार वाढल्यावरच जाग्या होतात. हा क्रम हेनेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली मांजरांवरील प्रयोगांत दाखविला. परंतु झटक्याने जोर लावला, की याच मोठ्या जुड्या कमी भारालाही चटकन कामास लागतात.

मौज अशी, की वजन हातातच ठेवावयाचे असेल, तर शेवटी त्याचा वेग आवरावा लागतो आणि रेटणाऱ्या स्नायूंचे काम अर्ध्या वाटेवरच मंदावते. गोळाफेकीत असे घडत नाही. गोळा सुटेपर्यंत जोर चालूच राहतो.

उतारवयात चपळ तंतू अधिक झिजतात. जोरापेक्षा चपळाई आधी ओसरते. पाय घसरल्यावर तोल सावरावयास क्षणार्धच मिळतो, आणि तेथे सावकाश येणारा जोर कामाचा नाही. म्हणून वडीलधाऱ्यांनी, अर्थात डॉक्टरांना विचारून, खुर्चीवरून झटकन उठण्याचा सराव करावा. बसावे मात्र सावकाश.