फ्रेंच : मार्कांची आणि कामाची

होस्टेलवर पुण्या-मुंबईकडचा एक तरी मित्र असा असतोच, ज्याने बारावीला फ्रेंच घेतलेली असते. आपण सावदा, फैजपूर, रावेरकडची मुलं त्याच्याकडे जरा कौतुकानेच बघतो. 'बोलून दाखव ना काहीतरी' म्हटलं की तो 'बाँजूर, कोमाँ ताले व्हू' म्हणतो आणि गाडी तिथेच थांबते. दोन वर्षं शिकून, भरघोस मार्क मिळवूनही ती का थांबते? आणि ज्यांना ही संधीच मिळाली नाही त्यांनी काय करायचं?

आपल्या राज्यात अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीची असते. तिच्या जोडीला मराठी किंवा हिंदीऐवजी फ्रेंच घेण्याची सोय शहरांतल्या अनेक ज्युनिअर कॉलेजांत आहे. बरेच जण मुळाक्षरांपासून अकरावीतच सुरुवात करतात, त्यामुळे अभ्यासक्रम बेताचा राहतो. रिकाम्या जागा, क्रियापदांची रूपं, ठरावीक उतारे नीट घोटले की मार्क गणितासारखे पडतात. यात पोरांचा दोष नाही. टक्केवारीवर प्रवेश ठरत असेल तर मुलं टक्केच बघणार! सावद्यासारख्या गावात मात्र फ्रेंच शिकवणारं माणूस मिळणंच कठीण. म्हणजे एकाच बोर्डाची परीक्षा देणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला मार्कांची ही वाट मोकळी, दुसऱ्याला ती ठाऊकही नाही.

पण भाषा येते म्हणजे नेमकं काय येतं? युरोपात त्यासाठी २००१ पासून सहा पायऱ्यांचं माप चालतं : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. पहिल्या चार पायऱ्यांच्या परीक्षेला 'डेल्फ' म्हणतात, वरच्या दोनला 'डाल्फ'. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना २५-२५ मार्क. पास व्हायला १०० पैकी ५० लागतात, पण एकाही भागात ५ च्या खाली गेलात तर नापास! नुसतं लिहून भागत नाही, ही खरी मेख. वर्गात सगळा वेळ लिहिण्यात गेला असेल, तर तोंड उघडायच्या वेळी अडचण होणारच.

गंमत म्हणजे मराठी माणसाला ही भाषा वाटते तेवढी परकी नाही. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखं तिकडे 'त्यू' आणि 'व्हू' आहे. मास्तरांना 'त्यू' म्हणालात तर तिकडेही भुवया उंचावतात. 'त्याने आंबा खाल्ला, त्याने भाकरी खाल्ली' यात आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. फ्रेंचच्या भूतकाळातही 'खाल्लेलं' हे रूप कर्माप्रमाणे बदलतं, फक्त कर्म आधी यावं लागतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे जड जातं. आपल्याला निदान ओळखीचं वाटतं. आकड्यांचं तर विचारूच नका. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. आपली जुनी माणसं 'चार विसा' मोजायची, तोच हिशेब. मात्र लिंग पाठच करावं लागतं : आपला चंद्र 'तो', त्यांचा चंद्र 'ती'.

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये 'एपी फ्रेंच भाषा आणि संस्कृती' नावाचा वरच्या पातळीचा विषय असतो. तिथली मराठी घरांतली मुलंही तो घेऊ शकतात. त्या परीक्षेत बरीच वर्षं एक प्रश्न राहिला आहे : आपला समाज आणि एखादा फ्रेंच बोलणारा समाज यांची तुलना दोन मिनिटं फ्रेंचमधून बोलून दाखवा.

आता हा प्रश्न आपल्या भागातल्या पोराला आला तर? त्याने सरळ केळीवर बोलावं. मार्तिनिक आणि ग्वादलूप ही कॅरिबियन समुद्रातली बेटं फ्रान्सचाच भाग आहेत आणि केळी हे तिथलं मुख्य पीक. तिथे केळीच्या कंदावरच्या सोंडकिड्यासाठी १९७२ ते १९९३ या काळात क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक वापरलं गेलं. फ्रान्सने १९९० मध्ये त्यावर बंदी घातली, पण बेटांवर सवलत देऊन ते आणखी तीन वर्षं चालू ठेवलं. आज ते तिथल्या मातीत, पाण्यात आणि माणसांच्या रक्तातही सापडतं. ज्याच्या घरची केळी आहे त्याला ही बातमी फ्रेंचमधून वाचता आली, तर संस्कृती म्हणजे फक्त आयफेल टॉवर आणि चीज नव्हे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

उलट बाजूनेही नातं जुनं आहे. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून नवापूर, नंदुरबार, चोपडा करत बुऱ्हाणपूरला गेला. १६७६ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने नवापूरच्या सुवासिक तांदळाची तारीफ केली आहे. खान्देशचा हा इतिहास मुळात फ्रेंचमध्ये लिहिला गेला!

आणि आपण इंजिनिअर मंडळी तर रोज फ्रेंच नावंच घोकतो : फूरिए, लाप्लास, कूलोंब, कार्नो. ज्याला आपण 'पॉयझन्स रेशो' म्हणतो तो प्वासाँ, आणि प्वासाँ म्हणजे मासा. 'एसआय' युनिट्समधली अक्षरंसुद्धा फ्रेंच नावाचीच. फ्रान्सने २०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थ्यांना घेण्याचं उद्दिष्ट २०२३ मध्ये जाहीर केलं. तिकडे इंग्रजीतून शिकवणारे कोर्स आहेत, पण खोलीचं भाडं, बँक आणि इंटर्नशिप यांसाठी फ्रेंचच लागते.

बारावीला राहून गेली म्हणून काही बिघडत नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेझ आहे, आणि ऑनलाइन वर्गांमुळे आता गाव सोडायचीही गरज नाही. रोज अर्धा तास ठेवा; त्यातली निदान दहा मिनिटं मोठ्याने बोला. रूममेट हसला तर हसू द्या. आणि ज्याने बारावीला फ्रेंच घेतली होती, त्यालाच समोर बसवा. त्याचीही थांबलेली गाडी पुढे सरकेल.