सेवाव्यवसाय आणि अंतर

कापडाचे गठ्ठे जहाजांत चढले म्हणजे गिरणीचें काम संपतें. माल घेणारा कोणती भाषा बोलतो, याची गिरणीला चिंता नसते. पेढी, विमा किंवा दुकानदारी यांचें तसें नाहीं. हिशेबासारखीं कांहीं कामें आज तारेवरून दूरदेशीं पाठवितां येतात. परंतु पुष्कळशा सेवा ग्राहकासमोरच निर्माण व्हाव्या लागतात. म्हणून परदेशीं सेवा विकूं इच्छिणाऱ्या कंपनीला तेथें शाखा उघडावी लागते किंवा तेथील एखादी कंपनी विकत घ्यावी लागते. यालाच थेट परकीय गुंतवणूक म्हणतात.

हें भांडवल कोठें जातें? दूरच्या शाखेवर देखरेख ठेवणें महाग पडतें. म्हणून सामान्यतः त्याचा ओढा जवळच्या देशांकडे असतो. तथापि केवळ मैल मोजून भागत नाहीं.

माद्रिदहून मेक्सिको शहर सुमारें ९,००० किलोमीटर दूर आहे. तरीहि २००० सालीं बीबीव्हीए या स्पॅनिश बँकेनें बांकोमेर या मोठ्या मेक्सिकन बँकेचा कारभार हातीं घेतला, आणि ती आज त्या देशांतील सर्वांत मोठी बँक आहे. भाषा एक, कायद्याची घडणहि जुन्या संबंधांमुळें मिळतीजुळती; त्यामुळें महासागर आड असूनहि परकेपणा थोडा होता.

याच्या उलट वॉलमार्टचें उदाहरण. या अमेरिकन कंपनीचें मुख्य ठाणें जर्मनीपासून याहून कमी अंतरावर आहे. १९९७ सालीं तिनें तेथील दुकानें विकत घेतलीं. भांडवलाची वाण नव्हती. पण दारांत स्वागतासाठीं उभा राहणारा नोकर जर्मन ग्राहकाला रुचला नाहीं. तोट्यांत माल विकण्यास कायदा आड आला, आणि स्वस्त विक्रींत मुरलेले स्थानिक दुकानदार स्पर्धेला उभे होतेच. अखेर २००६ सालीं ८५ दुकानें मेट्रो या जर्मन कंपनीस विकून तिनें पाय काढला. त्या व्यवहारांत सुमारें एक अब्ज डॉलरचा तोटा तिला सोसावा लागला.

तात्पर्य, अंतर दोन प्रकारचें असतें: एक वाटेचें, दुसरें व्यवहाराचें. तारायंत्रानें व संगणकानें पहिलें आखडलें. दुसरें मात्र भाषा, कायदा आणि लोकांच्या संवयी शिकूनच कापावें लागतें. त्या वाटेवर केवळ पैसा उपयोगी पडत नाहीं.